सेफ्टीचं सामान मागवताना

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत पर्चेसला नवीन लागलो आणि पहिलंच काम आलं ते कामगारांच्या सेफ्टी सामानाची ऑर्डर काढायचं. शिक्षण बी. कॉम. रेट, डिस्काउंट, जीएसटी यांत मला कुणी गंडवलं नसतं. पण पुरवठादाराचा कॅटलॉग उघडला आणि डोकंच गरगरलं. नुसत्या हातमोज्यांची पानामागून पानं! चामड्याचे, नायट्राइलचे, पीयू कोटिंगचे, ठिपक्यांचे सुती. बऱ्याच जोड्यांवर हातोड्याचं चित्र आणि खाली ‘४५४३’ असले आकडे. हा मॉडेल नंबर की आणखी काही, उलगडेना.

फोनवर पुरवठादाराच्या माणसानं शिकवणी घेतली. ते ईएन ३८८ या युरोपीय मानकाचे मार्क. पहिला आकडा घासलं जाण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. जितका मोठा, तितका मोजा दणकट. पण यातला एकही आकडा उष्णतेबद्दल बोलत नाही. त्यासाठी ज्वाळेचं वेगळं चित्र, वेगळं मानक : ईएन ४०७. म्हणजे इथं पैकीच्या पैकी मिळवलेला मोजा भट्टीपाशी निकामी ठरू शकतो.

कोटाचं प्रकरण त्याहून अवघड. आयएसओ ११६१२ मध्ये ए ते एफ अशी अक्षरं. त्यात ‘डी’ वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या शिंतोड्यांसाठी, ‘ई’ वितळलेल्या लोखंडासाठी. आमच्याकडे बीड ओततात, तेव्हा ‘ई’च बघायला हवं. ‘डी’वाला कोट स्वस्तात मिळत होता, पण तो घेऊन करणार काय?

कॅटलॉगनं भागेना, म्हणून शॉपमध्ये उतरलो. भट्टीवरच्या तात्यांनी मला आधी पायांकडे बघायला लावलं. “सायेब, प्यांट बुटावरनं सोडायची. आत खोचली की रस थेट पायात.” विजारीला खाली दुमड नको, उघडा खिसा नको, रसाचा थेंब तिथंच अडकून बसतो. बिडाचा रस चौदाशे अंशांच्या आसपास असतो. पॉलिएस्टर अडीचशेच्या पुढं वितळायला लागतं आणि कातडीला चिकटतं. त्यामुळे टेरिकॉटचा गणवेश दिसायला झकास असला, तरी ओतकामाला बाद. बूट नाडीचे नकोत, कारण रस आत गेलाच तर बूट क्षणात झटकून काढता आला पाहिजे. बुटावर आयएस १५२९८ हे मानक बघायचं. त्याच्या दुसऱ्या भागातल्या बुटाची टोपी २०० ज्यूलचा दणका सोसते. वीस किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरून पडल्यासारखा.

इतकं ऐकल्यावर सगळ्यांना जाडजूड हातमोजे देऊन मोकळं व्हावं असं वाटलं. ड्रिल मशिनवरच्या पोरानं तोही बेत मोडला. “हितं मोजं नकोत सायेब. ड्रिलनं धागा धरला की हात गेलाच.” फिरत्या यंत्रावर मोकळे हात, घट्ट बाह्या आणि डोळ्यांवर गॉगल. भट्टीवर जो जीव वाचवतो, तोच मोजा इथं बोटं घेऊन जाईल.

कोअर शॉपमधल्या बायकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्यांना दिलेले मोजे दहा नंबरचे, हात सात नंबरचे. बोटांची टोकं रिकामी लोंबायची, मग मोजे खुंटीवर आणि उघडे हात रेझिन मिसळलेल्या वाळूत. त्यांना नायट्राइलचेच हवे होते, फक्त मापाचे. माप हा रकानाच आमच्या मागणीपत्रात नव्हता.

साचे फोडायच्या जागी वाळूची धूळ. तिथली माणसं नाकाला रुमाल बांधून उभी. सिलिकाची बारीक धूळ रुमालाला दाद देत नाही. ती फुप्फुसात साठते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. मास्क एन९५ तरी हवा. पण सेफ्टी ऑफिसरांचं म्हणणं मला पटलं : धूळ जागेवरच खेचून घेणारी यंत्रणा आधी, मास्क नंतर. अंगावर चढवायचं सामान हा शेवटचा उपाय.

शेवटी यादी वस्तूंची न करता जागांची केली : भट्टी, ओतकाम, साचे फोडणं, फेटलिंग (ओतीव मालाची जादा धातू घासून काढणं), ड्रिल, कोअर शॉप. प्रत्येकीपुढं धोका, मग मानक, मग माप. दर सगळ्यात शेवटी. तुमच्या टेबलावर ही ऑर्डर आली, तर कॅटलॉग मिटून आधी शॉपमध्ये जा. नमुने मागवा, ज्याला घालायचे त्याला घालून काम करू द्या आणि तो हो म्हणाल्यावरच सही करा.