देवळालीचा ताप आणि बाबांचा पेला

या मालिकेत आपण आजवर किल्ले, तह आणि ताम्रपट पाहिले. आजचा धागा एका रविवारचा आहे. त्यात हॉकीचा सामना आहे, डबाभर सुंडल आहे, बियर आहे आणि माझी स्वतःची एक चूकही आहे. इतिहास रंगवून सांगण्याची हौस असणाऱ्यांपैकी अनेकांच्या हातून ती घडली असेल, म्हणून सविस्तर लिहिते.

स्थळ खडकी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी याच परिसरात बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखालील पेशव्यांची फौज आणि कंपनीची फौज समोरासमोर आली. दुसरे बाजीराव ती लढाई पर्वतीवरून पाहत होते. लढाई कंपनीने जिंकली आणि खडकीत लष्करी छावणी उभी राहिली. १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना आला. (मराठीत बंदुकीची दारूही 'दारू' आणि प्यायची दारूही 'दारू'. या धाग्यात दोन्ही येणार आहेत.) कारखान्यामागून कामगार आले. साताऱ्याकडून आमचे आजोबा आले, तमिळ मुलखातून आमचे शेजारी आले.

हॉकी येथे पलटणींनी आणली. मोठ्या स्पर्धा कलकत्त्यात आणि मुंबईत सुरू झाल्या: कलकत्त्याचा बेटन चषक १८९५चा, मुंबईची आगा खान स्पर्धा त्याच्या पुढच्या वर्षीची. खडकीत मात्र हा खेळ साहेबांच्या मैदानावरून कामगारांच्या वसाहतींत शिरला आणि तेथेच वाढला. चार ऑलिंपिक खेळलेले, १९९८च्या बँकॉक एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार धनराज पिल्ले हे याच खडकीचे. कारखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या कामगाराचा हा मुलगा मोडक्या काठ्या बांधून खेळायला शिकला. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. त्या वर्षी भारत सातवा आला. मातीवर वाढलेल्या पोरांसाठी तो जणू वेगळाच खेळ होता. आज पिंपरीच्या नेहरूनगरात कृत्रिम मैदान आहे. पण आमच्या रविवारच्या सामन्यांना अजून मातीच लागते. चेंडू कधी कुठे उसळेल याचा नेम नसतो आणि त्यातच निम्मी मजा असते.

तर त्या रविवारी आम्ही सहा जण मैदानाच्या कडेला बसलो होतो. बाबा, माझा धाकटा भाऊ, मी आणि तीन मित्र. त्यांतल्या शेजारच्या तमिळ मैत्रिणीच्या अम्मांनी सुंडल दिले होते: उकडलेले हरभरे, वर खोबरे, मोहरी आणि कढीपत्त्याची फोडणी. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत, त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. सामना पाहताना ते फारसे बोलत नाहीत. फक्त बचावपटू चुकला की जिभेने 'च्च' करतात. सामना ३-२ असा संपला. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर गोल झाला तेव्हा बाबा उठून उभे राहिले, आणि डबा भावाच्या मांडीवर उलटला.

मग भाऊ म्हणाला, "चला, बियर प्यायला जाऊ. बाबा, तुम्हीपण चला." आमच्या घरात हे वाक्य याआधी कधी उच्चारले गेले नव्हते. बाबांनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "चला. मी बसेन नुसता."

पुण्याला स्थानिक बियर नवी नाही, पण तिचा आजचा अवतार नवा आहे. २००९ साली येथे 'डूलाली' नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली. आता तशा अनेक झाल्या आहेत. आम्ही त्यांतल्याच एकीत गेलो. मेजावर पेले आले आणि मला चेव चढला. या धाग्यांचे वाचक मला ओळखतात.

आधी मी 'डूलाली' हा शब्द उलगडला. नाशिकजवळच्या देवळालीला गोऱ्या फौजेचा मोठा तळ होता. मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे राहत. जहाजे हिवाळ्यात सुटत. हंगाम चुकला की पुढच्या हिवाळ्यापर्यंत उन्हात, रिकामे, महिनोन्महिने बसून राहायचे. त्यात कित्येकांची डोकी फिरत. या अवस्थेला ते 'डूलाली टॅप' म्हणू लागले. हा 'टॅप' नळाचा नव्हे. तो आपला 'ताप'. देवळालीचा ताप! इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे वेडा, हा शब्द आजही प्रचलित आहे, आणि त्याच्या पोटात एक मराठी गाव बसले आहे.

मग इंडिया पेल एलकडे वळले. लंडनच्या पूर्वेला बो येथे हॉजसन नावाच्या इसमाची भट्टी होती. कंपनीच्या जहाजांची गोदी तेथून जवळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याची फिकट बियर हिंदुस्थानात येऊ लागली. आफ्रिकेला वळसा घालून येणारा प्रवास कित्येक महिन्यांचा, म्हणून हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले तीत जास्त घालत. त्यांनी बियर टिकते. पुढे १८२०च्या दशकात बर्टन गावच्या मद्यनिर्मात्यांनी हॉजसनची बाजारपेठ हिसकावली. ही बियर 'हिंदुस्थानासाठीच शोधली' ही आख्यायिका मात्र सोडून द्यावी. जास्त हॉप्सची बियर इंग्लंडात आधीपासून होत होती. शिवाय फिकट बियर अधिकाऱ्यांची होती. साधा गोरा शिपाई काळी पोर्टर पीत असे.

सगळे हसत होते. मी पेला उचलून म्हणाले, "म्हणजे पाहा, या एका घोटात लंडन, देवळाली आणि खडकी!"

बाबा म्हणाले, "आणि अण्णा?"

अण्णा म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. त्यांचा फोटो आमच्या घरी आहे. ते 'आजारपणाने' गेले, एवढेच आम्हाला सांगितले गेले होते. बाबांनी मान खाली घालून, सुंडलचा रिकामा डबा हातात फिरवत, उरलेले सांगितले. १९५९ साली बाबा सात वर्षांचे होते. अण्णा पाळी संपवून हातभट्टीवर गेले. रात्री आले तेव्हा त्यांना दिसत नव्हते. "दिवा लावा, दिवा लावा, म्हणत होते," बाबा म्हणाले. "दिवा लावलेलाच होता." पहाटे ते गेले. दारूबंदीचे दिवस असल्यामुळे डॉक्टरांना काय सांगायचे यावरच घरात तासभर वाद झाला होता. त्यानंतर आजीने बाबांकडून शपथ घेतली.

मेजावर कोणी बोलेना. माझी चूक मला तेथेच कळली. मी सांगितलेले सगळे खरे होते. पण ते मेसच्या खिडकीतून दिसलेले होते. आता जे मी तेव्हा सांगायला हवे होते, ते लिहिते.

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. तोवर गावोगावी मोहाची दारू गाळली जाई, ताडी-माडी उतरवली जाई. सरकारने गाळप मोजक्या भट्ट्यांत एकवटले, कर चढवला, आणि घरची दारू एका रात्रीत गुन्हा ठरली. १८९२च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले. ज्या फुलांवर आदिवासी घरे भुकेचे दिवस काढत, ती फुले! सरकारचे उत्पन्न वाढले, दुकाने वाढली. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. जुलै १८८०मध्ये त्यांनी शहरातील दारूच्या दुकानांविरुद्ध पालिकेला पत्र लिहिले. १९०८च्या उन्हाळ्यात टिळकांच्या अनुयायांनी याच शहरात दारूच्या दुकानांपुढे निरोधन केले. ज्या दोघांचे फारच थोड्या गोष्टींवर जमले असते, त्यांचे या एका गोष्टीवर जमले होते.

मग स्वराज्य आले आणि १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. हेतू चांगला होता. मला त्याची टिंगल करावीशी वाटत नाही. परंतु त्यात परवान्याची वाट होती. डॉक्टरचा दाखला आणि ओळखी असणाऱ्यांना परवाना मिळे. उरलेल्यांसाठी हातभट्टी होती, आणि तिच्यात काय मिसळले आहे हे कोणीच सांगू शकत नव्हते. १९६०च्या दशकात महाराष्ट्राने बंदी सैल केली, कायदा मात्र राहिला. बारच्या पाटीवर आपण आजही 'परमिट रूम' वाचतो ती त्याचीच खूण. (तरुण वाचकांसाठी: त्याच कायद्याखाली राज्यात बियरसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत.)

त्या संध्याकाळी बिलासोबत पाच रुपयांच्या एकदिवसीय परवान्याची चिठ्ठी आली. बाबांनी चष्मा लावून ती वाचली. परवाना 'आरोग्याच्या जतनासाठी' दिला जातो, असे त्यावर होते. त्यांनी ती दोनदा वाचली आणि ते हसले. ते हसणे कसले होते हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मग त्यांनी माझा पेला ओढून नाकाशी नेला. बियरसाठी बार्ली भिजवतात, मोड आणतात, वाळवतात, भाजतात. हे मी त्यांना सांगितलेले नव्हते. त्यांनी दोनदा वास घेतला आणि म्हणाले, "तुझी आई नाचणीचं सत्त्व करते, तसा वास येतोय गं."

"तसंच करतात, बाबा. मोड आणून."

"मग नासवायचं कशाला?" म्हणत त्यांनी पेला माझ्यासमोर परत ठेवला. "पी. गरम होईल." स्वतःसाठी त्यांनी लिंबूसरबत मागवले, आणि ते येईपर्यंत भावाला तो शेवटचा पेनल्टी कॉर्नर समजावून सांगत राहिले. मेजावरचे शेंगदाणे मांडून खेळाडूंच्या जागा दाखवल्या. गोलरक्षक म्हणून मिठाची बाटली ठेवली.

घरी आईने मटण केले होते, बाजरीच्या भाकऱ्या होत्या. मैत्रिणीच्या अम्माही आल्या. जेवताना बाबांनी अण्णांचे नाव पुन्हा काढले. या वेळी मरणाचे नव्हे. अण्णा लेफ्ट विंगला खेळायचे, म्हणाले. कारखान्याच्या संघात. पळायला वाऱ्यासारखे. हेसुद्धा आम्हाला कोणी सांगितलेले नव्हते.

पुढचा सामना येत्या रविवारी चार वाजता आहे. अण्णांचा एखादा संघासोबतचा फोटो कुणाच्या घरी असेल का, हे मी खडकीतल्या जुन्या खेळाडूंकडे विचारत फिरते आहे. मिळाला तर याच धाग्याखाली जोडेन.