घंटेशेजारचा वर्ग

गेली वीस वर्षे मी लहान मुलांना शिकवीत आले आहे. या काळात माझ्या हातून घडलेली एक चूक आज या पृष्ठांवर कबूल केल्यावाचून मला राहवत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दुसरीचा वर्ग होता. दाराबाहेरच शाळेची पितळी घंटा टांगलेली असे. तिचा टोल पडताच एक मुलगा दोन्ही कानांवर हात दाबून बाकाखाली शिरे. मुले हसत. मला तो निव्वळ खोडसाळपणा वाटे. एके दिवशी मी त्याचे हात कानांवरून ओढून काढले व त्यास तासभर उभे केले. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत येईनासा झाला.

चौथ्या दिवशी त्याची आजी आली. ती म्हणाली, "बाई, पोर हट्टी नाही. घरी कुकरची शिट्टी झाली तरी ते परसात पळतं. आवाज टोचतो हो त्याला!"

तो एक शब्द माझ्या मनात रुतून बसला. पुढे मी या विषयावर वाचू लागले. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संवेदनांची जुळणी आणि मुलांचे शिकणे यांचा संबंध मांडला होता. पाच ज्ञानेंद्रिये आपण सारेच जाणतो. त्यांखेरीज तोल सांभाळणारे इंद्रिय कानाच्या आत असते, आणि हातपाय कोठे आहेत याची वर्दी स्नायू व सांधे मेंदूस देत असतात. या संवेदना कोणास अति तीव्र भासतात, तर कोणास अपुऱ्या. म्हणूनच एक मूल सदऱ्याच्या कॉलरने बेजार होते, तर दुसरे झुलल्यावाचून धड ऐकूही शकत नाही.

मग आम्ही वर्गात थोडे फेरफार केले. त्या मुलाची जागा दारापासून दूर नेली. बाकांच्या पायांना रबराचे तुकडे बसविले, तेव्हा फरशीवरील करकर थांबली. फळ्याभोवतालचे बरेचसे तक्ते उतरविले. एका कोपऱ्यात चटई अंथरून जुन्या साडीचा पडदा लावला. कोणाही मुलाने तेथे घटकाभर निवांत बसावे. चुळबुळ्या मुलांकडे वह्यांचे गठ्ठे उचलण्याचे काम दिले. एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही. आणि कान दुखत असेल तर वैद्यकीय तपासणीच हवी. तथापि या साऱ्यास खर्च जवळजवळ काहीच आला नाही.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मूल शाळेत येत नाही म्हणून त्यास दोष न देता त्यांनी शाळाच कुरणात नेली. मला मात्र साधे बाक हलविण्याचेही सुचले नव्हते!

तो मुलगा परत आला. मी त्याची क्षमा मागितली. घंटेला तो पुढेही कान झाकीतच असे. परंतु आता कोणी हसत नसे. उलट, शेजारचा मुलगा घड्याळाकडे पाहून हळूच सांगे, "आता होणार हं."

पालकहो, आपल्या मुलास काय टोचते ते आम्हां शिक्षकांना अवश्य सांगा. आणि बालमित्रहो, शेजारच्याने कान झाकले तर हसण्यापूर्वी त्यास एकदा विचारा.