पाणी थंड होण्याआधी

खामगावच्या आमच्या घरी आई पावणेदोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. पक्षाघातानं तिची उजवी बाजू गेली होती. मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. तिचं अंग पुसणं, चादर बदलणं, पेज भरवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस पालटणं, हे सगळं मी एकटीनं केलं. रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या बाया म्हणायच्या, लेक असावी तर अशी. मी मान खाली घालायची, पण ते शब्द घरापर्यंत जपून आणायची. पुण्याहून भावाचा फोन आला की दिवसभरात काय काय केलं ते त्याला क्रमवार ऐकवायची.

एका दुपारी कूस पालटून मी उठू लागले, तशी आई अडखळत म्हणाली, "माह्यं समदं करतं तू पोरी, पण माह्यापाशी कधी बसत नाईस."

मी बसले. हाताला काम नव्हतं, म्हणून घड्याळाकडे पाहत राहिले. पाच मिनिटंही जड गेली. मग कळलं, आईसाठी एवढं राबताना आईकडे मी पाहिलंच नव्हतं. तिचं आजारपण माझ्या चांगुलपणाचं भांडवल झालं होतं. अहंकार फक्त घेणाऱ्याच्या मुठीत असतो असं मी मानत आले होते. तो देणाऱ्याच्या ओंजळीतही बसतो.

त्या दिवसांत पंडिता रमाबाईंची वारंवार आठवण यायची. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. त्याआधी त्यांनी दुष्काळात आईवडील गमावले होते. 1897 मध्ये मध्य प्रांतात पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. नुकती अक्षरं जुळवू लागलेल्या बाईलाही वाचता यावं, म्हणून त्यांनी सोप्या शब्दांचा ध्यास घेतला. ज्या बाईच्या जिभेवर संस्कृत नांदत होतं, तिनं घरकाम करणाऱ्या बाईच्या बोलीकडे कान लावला. आपल्याजवळचं मोठेपण समोरच्याच्या हाताला लागेल इतकं खाली आणणं, ही मला नम्रतेची सर्वांत खरी खूण वाटते.

1899-1900 चा दुष्काळ आमच्या वऱ्हाडालाही होरपळून गेला. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या मिशनऱ्यांनी तेव्हा खामगावात अनाथ मुलींना आसरा दिला. उपाशी देहाला एकदम पोटभर अन्न झेपत नाही. थोडं थोडं, त्याचा कल पाहत भरवावं लागतं. आपल्याला किती द्यायचंय यापेक्षा त्याला किती पेलतंय, हे ओळखावं लागतं. आईला चमच्यानं पेज भरवताना हे मला उशिरा उमगलं. त्यानंतर मी चमचा खाली ठेवून वाट पाहू लागले. ती घास गिळायची, मग तिच्या माहेरच्या मळ्यातलं काहीतरी सांगायची. कधी शब्द सापडायचा नाही, तर दोघी गप्प बसायचो. भावाला सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

आई गेली तेव्हा मी तिच्यापाशी बसले होते.

पुढच्या वर्षी माझा घोटा मोडला. प्लास्टर निघालं तरी वाकता येईना. शेजारच्या वहिनी शेगावला गजानन महाराजांच्या संस्थानात सेवेला जातात. एका संध्याकाळी त्या पातेलंभर कोमट पाणी घेऊन आल्या आणि माझ्या पायांशी बसल्या. मी चटकन पाय मागे घेतला. "नको नको, माझं मी करीन."

म्हणताक्षणी मला पेत्र आठवला. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुवायला बसला, तेव्हा पेत्रानं नकार दिला होता. उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी हा प्रसंग मी वर्षानुवर्षं ऐकत आले, आणि दर वेळी मनात रुमाल मीच बांधायची. पाय पुढे करणारी मी कधी नव्हतेच. कुणाचंही ऋण नको, असा तो माझा जुना ताठा होता, आणि त्याला मी स्वावलंबन म्हणत आले होते.

वहिनींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पाय वढू नका मॅडम, पाणी थंडं होते."

मी पाय सैल सोडला. त्यांनी टाच चोळली, बोटांच्या बेचक्यांतलं पाणी पदरानं टिपलं. माझ्या डोळ्यांतलं टिपतानाही मी त्यांना थांबवलं नाही.