मुरबाडच्या वाटेवर

सकाळच्या वेळी दादरहून कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसण्याचे एक सुख असते. सारी दुनिया मुंबईकडे धावत असते आणि आपण मात्र खिडकीशी ऐसपैस बसून उलट्या दिशेने निघालेलो असतो. माझ्यासारख्या मास्तराच्या वाट्याला हे सुख वर्षातून एखाद्या वेळी येते. गेल्या नाताळच्या सुट्टीत ते आले, तेही एका जुन्या विद्यार्थ्याच्या कृपेने. हा गृहस्थ माझ्या वर्गात असताना अलंकार ओळखण्यात पक्का कच्चा होता. आता तो शहापूरकडे शाळेत शिकवतो आणि संध्याकाळी पोरांना व्हॉलीबॉल शिकवतो.

"सर, आमचा सेटर बघायला या," तो फोनवर म्हणाला. "असा पोऱ्या दहा वर्षांत एखादा."

सेटर म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. पण ते मी विचारले नाही. अज्ञान झाकण्याची सवय आमच्या धंद्यात लवकर लागते.

एक जानेवारीला आसनगावला उतरलो. स्टेशनातून बाहेर पडतो न पडतो तोच माहुली दिसू लागते. तिच्या माथ्यावरचे ते उभे सुळके, नवरा, नवरी आणि भटोबा, लग्नघरच्या मंडळींसारखे ताटकळत उभे असतात. निजामशाही तगवण्यासाठी शहाजीराजांनी १६३६ साली शेवटची झुंज दिली ती याच गडावरून. गडाखाली सगळा भाताचा मुलूख. याच तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबई पिते आहे. आज मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि उन्हाळा लागला की इथल्याच कितीतरी पाड्यांवर बायका हंडे मांडून टँकरची वाट बघतात. मी जन्मभर दादरला राहिलो. नळ सोडला की पाणी येते, एवढेच मला माहीत. ते कुठून येते, हे मी मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातच वाचले होते.

मैदान म्हणजे भात कापून झालेले शेत. धसकटे उपटून, पाणी मारून, चोपणीने चोपून ते सारखे केले होते आणि वर फक्कीच्या रेषा ओढल्या होत्या. माझ्यासाठी शेजारच्या घरातून एक खुर्ची आली. चहा आला. मग माझ्या विद्यार्थ्याने, माझी अब्रू राखून, शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितल्यासारखे करून खेळ समजावून दिला.

चेंडू आपल्या बाजूला आला की तीन हातांत तो पलीकडे गेला पाहिजे. पहिल्याने तो जमिनीवर पडू द्यायचा नाही, दुसऱ्याने तो जाळीपाशी उंच चढवून द्यायचा, तिसऱ्याने उडी घेऊन मारायचा. एकाच गड्याने लागोपाठ दोनदा हात लावायचा नाही. हा दुसरा हात ज्याचा, तो सेटर. अमेरिकेत होलिओक गावी १८९५ साली विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाने हा खेळ काढला, तेव्हा तो पोक्त माणसांनी चेंडू इकडून तिकडे टोलवण्याचा सौम्य खेळ होता. एकाने चढवून द्यायचा आणि दुसऱ्याने उडी घेऊन हाणायचा, ही युक्ती १९१६ च्या सुमाराला फिलिपिन्समध्ये निघाली. तेव्हापासून टाळ्या तिसऱ्या हाताला पडतात. १९८६ साली सोलच्या आशियाई स्पर्धेत भारताने ब्राँझ पदक मिळवले, त्या संघातला उंच उडीचा जिमी जॉर्ज पुष्कळांना आठवतो. त्याला चेंडू कोण चढवून देत होता, असे विचारले तर आपण सारेच डोके खाजवू.

तो मुलगा सतरा वर्षांचा होता. किरकोळ अंगाचा, पण बोटे सतारियासारखी लांब. चेंडू त्याच्या बोटांत कधी आला आणि कधी गेला, याचा आवाजसुद्धा होत नव्हता. दोनदा तर त्याने चेंडू चढवण्याचा आव आणून तो हळूच जाळीपलीकडे टाकला आणि समोरचे सहाही जण बघत राहिले. मी टाळ्या वाजवल्या. माझा विद्यार्थी मात्र गप्प होता.

"सर, तिथंच सगळं बिघडतं," तो म्हणाला. "एक तर स्वतः टाकणार, नाही तर चुलतभावाला देणार. बाकी कुणावर त्याचा भरवसाच नाही. गावात हे खपतं. उद्या मुरबाडला खपायचं नाही. चेंडू कुठं जाणार हे समोरच्याला कळलं, की दोघे हात वर करून भिंतच घालतात."

खेळ संपल्यावर मी त्या मुलाला जवळ बोलावले. तो अदबीने उभा राहिला.

"दुसऱ्याला दिला की वाया जातो, सर. मग लोक मलाच बोलतात."

यावर त्याला उपदेश करावा, असे मनात आले. पण जीभ उचलली नाही. आमच्या कॉलेजच्या वार्षिकाचा मी बारा वर्षे संपादक आहे. मुलांनी तपासलेली प्रुफे मी घरी नेऊन पुन्हा पहिल्यापासून तपासतो आणि मग दमलो म्हणून घरात कुरकुरतो. मी त्या मुलाला काय सांगणार?

संघातली डावी बाजू त्या दिवशी रिकामी होती. तिथे खेळणारा गडी वीटभट्टीवर गेला होता. दिवाळी झाली की या भागातली कितीतरी कातकरी कुटुंबे उचल घेऊन बिऱ्हाडासकट भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परत येतात. हा गडी असेल एकोणीस-वीस वर्षांचा. तो सरावाला येत नाही, म्हणून सेटर त्याला चेंडू देत नाही. चेंडू मिळत नाही, म्हणून त्याचा हात बसत नाही. दोघांचेही म्हणणे खरे होते.

संध्याकाळी माझ्या विद्यार्थ्याने सेटरला म्हटले, "चल, उद्याचा निरोप देऊन येऊ." मलाही गाडीवर मागे बसवले. भट्टी मुरबाडच्या रस्त्यालगत होती. कच्च्या विटांच्या लांबच लांब ओळी, पेंढ्याच्या खोपी, बाहेर पेटलेल्या चुली. तो गडी हातपाय धूत होता. काळासावळा, उंच, खांद्यापर्यंत चिखल वाळलेला. आम्हाला बघून तो संकोचला. त्याच्या आईने बसायला गोणपाट टाकले. उद्या त्याच्या वाटच्या विटा बाप आणि बहीण थापणार होती. घरात ते आधीच ठरले होते.

खोपीमागे आंब्याचे झाड होते. त्याच्या एका फांदीला लाल चिंधी बांधलेली होती.

"ही कशाला?" सेटरने विचारले.

"उडी मोजाया." तो गडी खाली बघत म्हणाला. "काम सुटलं का रोज रात्री मारतो. आदी खालच्या फांदीला व्हती."

सेटर झाडाखाली गेला. त्याने उडी मारली. हात चिंधीच्या पुष्कळ खाली राहिला. पुन्हा मारली. मग म्हणाला, "तू दाखव."

तो गडी तीन पावले धावला आणि चिंधी त्याच्या मुठीत आली. एकदा नाही, पाच-सहा वेळा. दिवसभर चिखल तुडवलेल्या पायांनी. सेटर नुसता वर बघत उभा होता. परतताना वाटेत तो एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही किन्हवली, सरळगाव करीत मुरबाडला गेलो. एस. टी.च्या खिडकीतून सह्याद्रीची भिंत सारखी सोबतीला होती. तारीख होती दोन जानेवारी. या परिसराला ती तारीख विसरता येत नाही. १९४३ साली याच दिवशी पहाटे सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल पडले आणि त्यांच्यासोबत हिराजी पाटील पडले. खबर फुटली म्हणून पोलीस तिथवर पोचले. भरवसा मोडला तर काय होते आणि तो शेवटपर्यंत टिकला तर काय होते, या दोन्ही गोष्टी त्या एका पहाटेत आहेत. गाडीतली पोरे सिद्धगडाच्या दिशेला हात जोडून पुन्हा आपल्या गप्पांत रमली.

मुरबाडच्या मैदानावर ही गर्दी! पौष पौर्णिमेची म्हशाची जत्रा तोंडावर आलेली, त्यामुळे हवेतच उत्सव होता. पहिला डाव आमची मंडळी २५-१७ अशी हरली. समोरच्यांना सेटरची नस सापडली होती. चेंडू चुलतभावाकडे गेला, की दोन जोड हात आधीच वर.

दुसऱ्या डावात सेटरने पहिल्यांदा चेंडू डावीकडे दिला. तो अडवला गेला आणि आमच्याच अंगावर आदळला. लोकांनी हुर्यो केली. चुलतभाऊ चिडून काहीतरी बोलला. मी माझ्या विद्यार्थ्याकडे पाहिले. तो सेटरच्या बोटांकडे पाहत होता. पुढचा चेंडू आला. सेटरने तो पुन्हा डावीकडेच दिला, पण या वेळी कितीतरी उंच, थेट आंब्यावरच्या चिंधीइतका. अडवणारे हात खाली राहिले आणि चेंडू धूळ उडवून गेला.

त्यानंतर खेळच पालटला. समोरचे डावीकडे धावू लागले, तसा उजवीकडे चुलतभाऊ मोकळा झाला. एकदा सेटरने आपला तो जुना हळूच टाकण्याचा डावही साधला. आता तो कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. २५-२२. डाव आमचा.

तिसरा डाव पंधरा गुणांचा. आम्ही १३-१४ असे मागे. चेंडू सेटरच्या हातात आला तेव्हा समोर जाळीपाशी ही एवढी जागा मोकळी होती. मलाही ती दिसली. "टाक! टाक!" सगळे ओरडले, त्यात मीही होतो. त्याने टाकला नाही. डावीकडे उंच चढवून दिला. तो गडी झेपावला, सणसणीत मारला आणि चेंडू रेषेबाहेर चार बोटांवर पडला.

आम्ही हरलो. तो गडी जागच्या जागी खाली बसला. सेटर त्याच्यापाशी गेला, त्याला हाताला धरून उठवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "चेंडू मीच जाळीला चिकटवून दिला. चूक माझी."

माझा विद्यार्थी डोळे पुसत होता. धुळीने, असे तो म्हणाला.

त्या गड्याला अंधारापूर्वी भट्टीवर पोचायचे होते. सेटर त्याला एस. टी. स्टँडपर्यंत सोडायला गेला. चहाच्या टपरीवरून मला त्यांचे एवढेच बोलणे ऐकू आले.

"उद्या किती वाजता सुटतोस?"

"दिवस बुडला का."

"मी येतो चेंडू घेऊन."

रात्री घरी आलो. तहान लागली होती. नळाखाली पेला धरला आणि भरलेला पेला हातात घेऊन थोडा वेळ तसाच उभा राहिलो. बायकोने विचारले, "काय झालं?" मी म्हटले, "काही नाही, शहापूरचं पाणी पितोय."

फेब्रुवारीत वार्षिकाची प्रुफे आली. ती मी दोन विद्यार्थ्यांच्या हवाली केली आणि घरी आणली नाहीत. अंक वेळेवर निघाला. त्यात पान ४८ वर एक वेलांटी चुकली आहे. ती मी अजून कुणाला दाखवलेली नाही.