कॅट कशानं गेला?

शारजात घर आणि दुबईत नोकरी असली की गाडीचा बराचसा जन्म इत्तिहाद रोडच्या कोंडीत जातो. आमची चार सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी तिथं वर्षानुवर्षं बिनतक्रार उभी राहायची. एका जुलैत मात्र 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा लागला. सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिकटिक ऐकू यायची आणि इंजिन तापलं की ती बंद व्हायची. हत्ताच्या चढावर तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही गाडी जड चालत होती. मुल्कियाचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं, नूतनीकरण तोंडावर आलेलं. गाडी तीन वर्षांची झाली की इथं दरवर्षी 'पासिंग' करावं लागतं आणि त्यात धूरही तपासतात.

पहिल्या गॅरेजात स्कॅनर लावला. कोड आला पी-०४२०, म्हणजे कॅटलिटिक कन्व्हर्टरची ('कॅट'ची) कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेली आहे. मेकॅनिकनं लगेच दोन पर्याय ठेवले: नवा कॅट बसवा, नाहीतर 'खाली करून देतो'. खाली करणं म्हणजे आतला जाळीचा भाग फोडून काढायचा, वरचा डबा तसाच ठेवायचा आणि कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर लावून संगणकाला फसवायचं. दोन्ही पर्यायांत एक प्रश्न राहून जात होता: कॅट बिघडला कशानं?

तो प्रश्न घेऊन मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका पेशावरी उस्तादांकडे गेलो. ते म्हणाले, "भाई साब, पहले बीमारी देखो, पार्ट बाद में." गाडी त्यांनी रात्रभर ठेवून घेतली, कारण गळती थंड इंजिनावरच सापडते. सकाळी पोऱ्यानं टेलपाइपच्या तोंडावर ओला कपडा दाबून धरला आणि उस्ताद बॉनेटखाली कान देऊन उभे राहिले. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी फुसफुस ऐकू आली, तिथं काजळीचा काळा ओघळही होता. धातू तापून प्रसरण पावला की ती फट मिटायची, म्हणून टिकटिक थांबायची. पुढच्या सेन्सरच्या आधी अशी फट असली तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि संगणक विनाकारण जादा पेट्रोल सोडत राहतो.

मग त्यांनी दोन्ही सेन्सरांचे चालू आकडे दाखवले. पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान भराभर वरखाली होतो, ते बरोबरच. कॅट निरोगी असेल तर मागचा ०.६-०.७च्या आसपास शांत राहतो. आमचा मागचाही पुढच्याच तालावर हलत होता. त्यानंतर पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज बसवला. २,५०० आरपीएमवर धुराचा उलटा दाब, म्हणजे बॅक प्रेशर, ३ पीएसआयच्या आत राहायला हवा. आमचा काटा ५च्या पुढे गेला. धूर बाहेर पडायला वाटच नव्हती. हत्ताच्या चढावरच्या अडचणीचं उत्तर तिथं मिळालं.

कॅट उतरवून आत टॉर्च मारला. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचा मोठा भाग तिथंच निरुपद्रवी वायूंमध्ये बदलतो. आमच्या जाळीचा एक कोपरा वितळून गोळा झाला होता. हे सिरॅमिक वितळायला सुमारे १,४०० अंश सेल्सिअस लागतात. रोजच्या चालवण्यात कॅट तिथवर तापत नाही. न जळलेलं पेट्रोल आत जाऊन पेटलं, तरच तापतो.

ते पेट्रोल तिसऱ्या सिलिंडरमधून येत होतं. त्याची इग्निशन कॉइल थंड असताना ठीक चालायची आणि तापल्यावर मधूनच ठिणगी चुकवायची, म्हणजे मिसफायर व्हायचा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, कोंडीत उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ती रोज तापत होती. कॉइल तशीच ठेवून नवा कॅट बसवला असता, तर त्याचीही तीच गत झाली असती. उस्तादांनी आधी कॉइल, प्लग आणि गॅस्केट बदललं, इंधनाचे आकडे ताळ्यावर आल्याची खात्री केली आणि मगच नवा कॅट जोडला. जुन्यातल्या मौल्यवान धातूंची भंगाराची किंमत बिलातून वळती केली. मागचा सेन्सर शांत झाला आणि पासिंग विनातक्रार झालं.

अमेरिकेत स्थायिक झालेले फ्रेंच अभियंते यूजीन हूड्री यांनी लॉस एंजेलिसची धुरकट हवा पाहून १९५०च्या दशकात या कन्व्हर्टरचं पेटंट मिळवलं. पण पेट्रोलमधलं शिसं त्याला निकामी करायचं, म्हणून शिसेविरहित पेट्रोल येईपर्यंत तो रस्त्यावर रुळू शकला नाही. अमिरातीत ते २००३ साली आलं. आपल्याकडे १ एप्रिल १९९५पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला. एका डब्यासाठी देशोदेशींची इंधनं बदलली, आणि तोच डबा आज थोडे दिरहम वाचवण्यासाठी पोकळ केला जातो.

आमच्या इमारतीचं पार्किंग तळघरात आहे. रात्री जागा शोधत गाड्या तिथं घिरट्या घालतात आणि त्याच वेळी गाड्या पुसणारी माणसं बादल्या घेऊन तिथं राबत असतात. पोकळ कॅटमधून निघणारा वायू सर्वांत आधी त्यांच्या छातीत जातो, आणि त्यांना तो दिसतही नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: कॅट गेला असेल तर बदला, पोकळ करू नका. आणि बदलण्याआधी गळती, मिसफायर, इंधनाचं प्रमाण आणि बॅक प्रेशर या चारही गोष्टी तपासून तो कशानं गेला, हे मेकॅनिककडून कागदावर लिहून घ्या.