शेवटच्या रांगेतली गिटार

अकूस्टिक गिटारमध्ये पिकअप बसवणं हा वाद्याचा अपमान आहे, असं मी बरीच वर्षं मानत होतो. तसं बोलूनही दाखवत होतो. एखादा नवीन मुलगा केबल लावायची गिटार घेऊन कार्यक्रमाला आला की मी त्याला सुनवायचो, ‘अरे, लाकडाला बोलू दे की!’ माझ्या गिटारची वरची पाटी अखंड स्प्रूसची. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत पैसे साठवून घेतलेली. तिला ड्रिल लागणार ही कल्पनाच मला सहन होत नसे. कार्यक्रमाला गेलो की माझी मागणी एकच असायची: चांगला माइक द्या, स्टँड नीट लावा, बाकी मी बघतो.

याला मी तत्त्व म्हणायचो. आज तपासून पाहिलं तर त्यात तत्त्व थोडं होतं आणि भीती जास्त. शिवाय भीतीपेक्षा वाईट असं काहीतरी होतं, ते म्हणजे तुच्छता. साउंड सांभाळणाऱ्या माणसांना संगीत कळत नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. गिटार ऐकू आली नाही की दोष त्यांचा. माइकने शिट्टी मारली की दोष त्यांचा. एकदाही मी मिक्सरपाशी जाऊन, ‘तुम्हाला काय अडचण येते?’ असं विचारलं नाही. मी वाजवणारा, ते वायरी जोडणारे, अशी उतरंड माझ्या डोक्यात होती. हे लिहिताना लाज वाटते, पण ती तशीच होती.

माझ्या मताला धक्का देणारी माहिती तशी आधीच समोर आली होती. कॉलेजात असताना निर्वाणा या रॉक बँडच्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ची कॅसेट मी झिजेपर्यंत ऐकली होती. नोव्हेंबर 1993 मध्ये न्यूयॉर्कला झालेला तो कार्यक्रम. शुद्ध अकूस्टिक आवाज कसा असावा, याचा दाखला म्हणून मी तोच द्यायचो. पुढे, 2020 साली त्या बँडचा गायक कर्ट कोबेन याची त्या कार्यक्रमातली गिटार लिलावात 60 लाख डॉलरला विकली गेली, तेव्हा तिचा सगळा तपशील वाचनात आला. ती 1959 ची मार्टिन डी-18ई. कारखान्यातूनच चुंबकीय पिकअप लावून आलेली. त्यावर साउंडहोलमध्ये आणखी एक पिकअप नंतर बसवलेला, आणि त्याचा आवाज ॲम्प्लिफायरमधून गेलेला. म्हणजे मी ज्या आवाजाची शपथ घेत होतो, तो केबलमधूनच आलेला होता. जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी वाजवलेली गिब्सन जे-160ई तर 1954 पासून पिकअपसकटच बनत होती.

हे सगळं वाचूनही मी बदललो नाही. ‘ते रॉकवाले, आपलं भावगीत वेगळं,’ अशी पळवाट काढली. पुराव्याने मत बदलतं असा माझा स्वतःबद्दल समज होता. तो खोटा निघाला.

मत बदललं ते एका दिवाळी पहाटेच्या साउंड चेकला.

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर होता. साउंड चेक आदल्या संध्याकाळी. गाणाऱ्या ताई, तबला, ढोलक, कीबोर्ड, बासरी आणि मी. साउंडवाले दादा पन्नाशीचे, फार न बोलणारे. ‘गिटार वाढवा’ असं मी मंचावरून पुन्हा पुन्हा सांगत होतो. शेवटी ते मिक्सर सोडून मंचापाशी आले आणि म्हणाले, ‘सर, एकदा खाली येऊन ऐका. गिटार यांच्याकडे द्या.’ आमच्या बासरीवाल्या मित्राला गिटार बऱ्यापैकी येते. ती त्याच्या मांडीवर ठेवून मी खाली उतरलो आणि थेट शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

गिटार एकटी वाजली तेव्हा छान ऐकू आली. मला वाटलं, माझंच खरं. मग ढोलक सुरू झाली, कीबोर्डवर कॉर्ड धरली गेली, ताईंनी मुखडा उचलला आणि गिटार नाहीशी झाली. मित्राचा उजवा हात तारांवर फिरताना दिसत होता, पण ऐकू काहीच येत नव्हतं. दादांनी फेडर वर नेला, तर गिटारच्या माइकमधून ढोलकच मोठी झाली. माइकला कोणता आवाज आपला आणि कोणता शेजारचा, हे कळत नाही. मित्र जरा मागे रेलला की होता तो आवाजही पातळ व्हायचा. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की पातळी 6 डेसिबलने उतरते. वीतभर अंतरावरच्या माइकला वाजवणारा वीतभर हलला तरी तेवढं पुरतं. दादांनी फेडर आणखी वर नेला आणि मैदानभर ‘हूऽऽ’ असा घुमारा उठला. अकूस्टिक गिटारची पोकळी साधारण 100 हर्ट्झच्या आसपास आपणहून घुमते. जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी 98 हर्ट्झचा, म्हणजे त्याच्या अगदी जवळ. स्पीकरचा आवाज त्या पोकळीत शिरतो, तिथून माइकमध्ये, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये. या घुमाऱ्यावरून मी आजवर कितीतरी लोकांवर डाफरलो होतो.

मग दादांनी त्यांच्या पेटीतून साउंडहोलमध्ये अडकवायचा एक चुंबकीय पिकअप काढला. तारा थोड्या ढिल्या करून बसवला, केबल बाहेर सोडली, माइक बंद केला. पुन्हा ढोलक, पुन्हा कीबोर्ड, पुन्हा ताईंचा मुखडा. या वेळी गिटार ऐकू आली. फार सुंदर नव्हती. आवाज थोडा इलेक्ट्रिक गिटारकडे झुकलेला, लाकडाची ऊब कमी. पण दोन ओळींच्या मधली, मी मोठ्या हौसेने बसवलेली ती छोटी जागा तिथवर स्वच्छ पोहोचली.

माझ्या शेजारी मंडळाचा एक मुलगा खुर्च्या मांडत होता. त्याने मान वर करून विचारलं, ‘काका, गिटार आत्ता सुरू झाली का?’

त्याला खोडसाळपणा करायचा नव्हता. त्याच्यापुरतं ते खरंच होतं. इतका वेळ मंचावर गिटार वाजते आहे, हे त्याच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं. मी उत्तर न देता तिथेच उभा राहिलो. आतापर्यंतच्या सगळ्या कार्यक्रमांच्या शेवटच्या रांगा माझ्या डोळ्यांसमोर आल्या. पहाटे उठून, आंघोळ करून, स्वेटर-शाली गुंडाळून माणसं येतात. त्यांना मी काय दिलं होतं? गिटार वाजवणाऱ्याचा कान वाद्याच्या वरच्या काठाशी असतो. समोरून आपली गिटार कशी ऐकू येते, हे त्याला मांडीवर वाद्य असताना कधीच कळत नाही. ज्या आवाजाचं पावित्र्य जपायला मी भांडत होतो, तो माझ्या कानापासून हातभर अंतरावर संपत होता. मी संगीत जपत नव्हतो, माझं सुख जपत होतो आणि त्याची किंमत ऐकणाऱ्यांना भरायला लावत होतो.

दादांना मी विचारलं, ‘हे आधी का नाही सांगितलंत?’ ते म्हणाले, ‘सर, तुम्ही कधी विचारलं नव्हतंत.’

पिकअप कोणता घ्यायचा, हे मी त्यांनाच विचारलं. त्यांनी उलट विचारलं, ‘वाजवता कुठे?’ सगळी निवड या प्रश्नावर ठरते, हे मला तेव्हा कळलं. साउंडहोलमधल्या चुंबकीय पिकअपला वाद्य कापावं लागत नाही आणि तो घुमतही कमी. पण त्याला तारेतलं पोलाद लागतं, नायलॉनच्या तारांना तो उपयोगाचा नाही, आणि आवाज इलेक्ट्रिककडे झुकतो. ब्रिजच्या खाली आतून चिकटवायच्या चकत्या लाकडाच्या आवाजाच्या जवळ जातात. काहींना बॅटरीही लागत नाही. पण गोंगाटाच्या मंचावर त्या लवकर घुमू लागतात आणि पाटीला बोट लागलं तरी ऐकू येतं. आतला छोटा माइक शांत सभागृहात अप्रतिम, पण उघड्या मैदानावर त्याला बाहेरच्या माइकचीच दुखणी. उरली सॅडलखालची पिझो पट्टी. काही स्फटिकांवर दाब पडला की विद्युतभार तयार होतो, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. त्याच गुणावर ही पट्टी चालते, आणि 1970 च्या सुमारास ओव्हेशन कंपनीने ती गिटारच्या मंचावर रुजवली. ढोलकीसमोर ती टिकते. तिचा दोष असा की जोरात स्ट्रम केलं की आवाज चिरका, प्लॅस्टिकसारखा होतो. माझे बहुतेक कार्यक्रम मैदानांवर, तालवाद्यांच्या शेजारी. मी पिझो आणि सोबत प्रीॲम्प घेतला.

बसवायला एका जुन्या कारागीर काकांकडे गेलो. तारा उतरवल्यावर त्यांनी टॉर्च आणि छोटा आरसा साउंडहोलमधून आत घातला आणि मला म्हणाले, ‘बघा.’ इतक्या वर्षांत मी माझी गिटार आतून कधी पाहिलीच नव्हती. आडव्यातिडव्या पट्ट्यांवर पटाशीचे घाव होते, सांध्यांवर सुकलेल्या सरसाचे ओघळ होते, एका कोपऱ्यात कारखान्यातल्या कुणाच्या तरी पेन्सिलच्या खुणा होत्या. जिला मी अस्पर्श मानत होतो, ती कापून, तासून, भोकं पाडूनच घडली होती.

काकांनी सॅडलच्या खाचेत एका टोकाला वायरीपुरतं बारीक छिद्र पाडलं. मागच्या बाजूला पट्ट्याची खुंटी असते, तिथे मास्किंग टेप लावून हाताने रीमर फिरवत ते छिद्र जॅकपुरतं, सुमारे 12 मिलिमीटरचं केलं. पट्टीच्या जाडीइतकी सॅडलची उंची वाढते, म्हणून सॅडल काचेवरच्या पॉलिश पेपरवर घासून तेवढीच खालून कमी केली. पहिल्यांदा वाजवून पाहिलं तर सर्वांत बारीक तारेचा आवाज दबलेला. काकांनी सॅडल बाहेर काढून प्रकाशासमोर धरली. तळ एका टोकाला किंचित उचललेला होता, तिथे पट्टीवर दाबच पडत नव्हता. त्यांनी ती पुन्हा घासली, पुन्हा बसवली. मग सहाही तारा सारख्या बोलल्या. त्या कामाकडे पाहताना आजवर वाटत आलेली भीती मला आठवेना.

पिकअपचा आवाज हा गिटारचा आवाज नव्हे, हे मी आजही म्हणतो. मैदानावर एक ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात थोडी कपात करावी लागते, उजवा हात आवरून वाजवावा लागतो. प्रीॲम्पशिवाय पिझो थेट मिक्सरला जोडला तर आवाज पातळ, किरकिरा होतो, कारण त्याला साधारण 10 लाख ओहमचं इनपुट लागतं. जॅक आत असेपर्यंत 9 व्होल्टची बॅटरी चालू राहते, म्हणून कार्यक्रम संपला की केबल काढून ठेवावी लागते. घरी केबल न लावता वाजवताना मूळ आवाजात मला जाणवला तो फरक फार थोडा. आणि आता साउंड चेकला मी आधी मिक्सरपाशी जातो.

तुम्ही गिटार वाजवत असाल आणि याच विचारात अडकला असाल, तर खरेदीच्या आधी एवढं करा. तुमच्या जागी कुणाला तरी वाजवायला बसवा, सगळी साथसंगत चालू ठेवा आणि शेवटच्या रांगेत जाऊन ऐका. साउंड सांभाळणाऱ्या माणसाला त्याचं म्हणणं विचारा आणि ते पुरतं ऐकून घ्या. पिकअप बसवायचा की नाही हा निर्णय तुमचाच आहे, पण तो मंचावर बसून घेऊ नका.