काथ्या, लाकूड, काच

समुद्रावर चालणारी वस्तू हलकीही हवी आणि बळकटही, आणि या दोन मागण्या बहुधा एकमेकींच्या मुळावर येतात. भरीव लाकूड जाड घ्यावे तर वजन वाढते, पातळ घ्यावे तर लाटेच्या तडाख्याने मोडते. विसाव्या शतकाने यातून वाट काढली ती अशी: मध्ये हलका गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना काचतंतूची घट्ट कातडी. वाकताना एका बाजूची कातडी ताणली जाते, दुसरीकडची दाबली जाते. गाभ्याचे मुख्य काम त्या दोघींना दूर ठेवण्याचे. हे अंतर दुप्पट केले की ताठपणा जवळपास चौपट होतो, वजन मात्र वाढते ते गाभ्यापुरतेच.

सर्फबोर्डच्या इतिहासात हा प्रवास स्पष्ट दिसतो. हवाई बेटांवरचे जुने बोर्ड कोआसारख्या लाकडाच्या एकाच फळीतून कोरलेले असत. १९३०च्या सुमारास टॉम ब्लेकने बोर्ड आतून पोकळ केला आणि १९३५मध्ये त्याच्या तळाला फिन बसवले. दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्सा लाकडावर काचकापड आणि रेझिन चढले. १९५८मध्ये होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी बाल्साच्या जागी पॉलियुरेथेन फोम आणला. बाल्साच्या प्रत्येक ओंडक्याचे वजन निराळे, फोमचा ठोकळा मात्र एकसारखा आणि तासायला सोपा. त्यामुळे कारागिराला आकारांचे प्रयोग भराभर करता आले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ-दहा फुटी बोर्ड झपाट्याने आखूड झाले. साहित्य आधी बदलले आणि आकार त्याच्या मागून आला, हे या इतिहासातले सर्वांत मोलाचे. फोम आला तरी लाकूड पुरते गेले नाही: बोर्डच्या मधोमध लांबीभर एक पातळ लाकडी पट्टी आजही पुष्कळदा घालतात, बोर्ड कमरेत मोडू नये म्हणून.

गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर हेच तत्त्व छप्पन फुटी नौकेला लावले गेले. रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली 'म्हादेई' २००९च्या फेब्रुवारीत नौदलात दाखल झाली. तिचा गाभा फोमचा नाही, सीडर लाकडाचा आहे. या पद्धतीत साच्याच्या चौकटी ओळीने उभ्या करतात, त्यांवर अरुंद पट्ट्या काठाला काठ चिकटवत नेतात, मग सारे अंग घासून एकसलग करतात आणि आतून-बाहेरून इपॉक्सीत भिजवलेले काचकापड बसवतात. कौशल्याची कसोटी इथे लागते. रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की ते स्वतःच तापू लागते, आणि किनाऱ्यावरच्या उकाड्यात हाताशी वेळ फारच थोडा उरतो. त्या वेळात रोलर दाबून कापडाखालची हवा पूर्ण बाहेर काढावी लागते. बुडबुडा राहिला तर कातडी तिथे गाभ्याला धरत नाही, आणि समुद्र नेमकी तीच जागा शोधतो. याच नौकेतून २००९-१०मध्ये दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; असे करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले.

काचतंतूने किनाऱ्यावरच्या छोट्या मासेमारी होड्यांचेही रूप पालटले. गोव्यात रांपणीच्या होड्यांच्या फळ्या पूर्वी काथ्याने शिवत. शिवण थोडी लवते, म्हणून वाळूवर आदळणारी होडी धक्का सोसते, आणि सैल झालेली शिवण उसवून नव्याने घालता येते. काचतंतूच्या होडीला ही देखभाल लागत नाही, लाकडाचा खर्चही वाचतो. कोळ्याने तिची निवड करावी हे रास्तच. पण मोडीत निघालेल्या होडीची काच आणि रेझिन वेगळे करणे अवघड, आणि ती मातीत मिसळतही नाही. नव्या साहित्याची ही बाजू गुणांइतकीच ठळकपणे सांगायला हवी.

दिवाडीवर शिवणकाम पुन्हा दिसले ते 'कौंडिण्य'मुळे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या पाचव्या शतकातील जहाजावरून बेतलेली ही नौका दांडेकरांच्याच 'होडी इनोव्हेशन्स'मध्ये बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली काथ्याने शिवली गेली. मे २०२५मध्ये ती कारवारला नौदलात सामील झाली. इथे क्रम उलटा होता: आकार चित्राने ठरवला आणि साहित्याने त्याला जुळवून घेतले. चित्रात दिसते ते एका अंगाने. पाण्याखालचा भाग, खोली, तोल यांचा आराखडा कुठेच नव्हता. तो नव्याने मांडून आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या चाचण्यांनी तपासावा लागला.